‘चालत नाही’, ‘चालेना’ आणि ‘चालेनासं झालं’: प्रोग्रॅम अडतो तेव्हा आपण काय म्हणतो?

मूळ लेखिका, सांगली

मी सांगलीत संध्याकाळी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. मुलं बारावी-डिप्लोमाची, आणि दोघं-तिघं दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात हिशेब लिहून येणारी. ‘बग’ला (प्रोग्रॅममधल्या चुकीला) आणि ‘डीबग’ला (ती शोधून काढण्याला) मराठीत काय म्हणायचं, असं मला अधूनमधून विचारलं जातं. छापील उत्तर ‘त्रुटी’ आणि ‘त्रुटी निवारण’. पण वर्गात हा शब्द माझ्याशिवाय कुणाच्या तोंडून आजवर ऐकला नाही. म्हणून मुलं काय म्हणतात तेच वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायला लागले. एरर मारतंय. अडकलंय. गंडलंय. फाटलं. काहीतरीच दाखवतंय. आणि सगळ्यात जास्त वेळा: ‘मॅडम, चालंना झालंय बघा.’

या ‘चालंना’वर, म्हणजे प्रमाण मराठीतल्या ‘चालेना’वर, मला बोलायचं आहे. ‘दार उघडत नाही’ आणि ‘दार उघडेना’ यांत फरक आहे हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ‘उघडत नाही’ ही दाराची माहिती झाली. ‘उघडेना’ म्हटलं की कुणीतरी कडी ओढलीय, खांदा लावलाय, घाम गाळलाय. मुलगा ‘चालत नाही’ म्हणाला तर मी विचारते, एकदा तरी चाललं होतं का? बहुतेक वेळा नसतंच. पायथनच बसवलेलं नसतं, नाहीतर फाइल भलत्या फोल्डरमध्ये असते. ‘चालेना’ म्हणाला तर माझा पहिला प्रश्न: आत्तापर्यंत काय काय करून बघितलंस? कारण प्रयत्न झालेत हे त्याच्या क्रियापदानंच सांगितलेलं असतं.

एक प्रसंग सविस्तर सांगते, म्हणजे माझा मुद्दा नुसता व्याकरणाचा राहणार नाही.

यार्डातला एक मुलगा शेतकऱ्याच्या पट्टीचा, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदाचा, प्रोग्रॅम लिहीत होता. वजन विचारायचं, बेरीज करायची, भावानं गुणायचं, हमाली-तोलाई वजा करायची. पहिल्या दिवशी त्यानं दोन पोत्यांची वजनं विचारली, ५० आणि ५२. उत्तर आलं ५०५२. स्क्रीनवर एररचं लाल काही आलं नाही, म्हणून तो म्हणाला, ‘चालतंय मॅडम.’ दुसऱ्या दिवशी त्यानं भाव १५० असा कोडमध्येच लिहिला आणि गुणाकार केला. सगळी स्क्रीन भरली: ५०५२५०५२५०५२... असं दीडशे वेळा. आमच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं असत, त्यामुळे ‘पेव फुटलं’ हा शब्द इथल्या पोराला शोधावा लागत नाही. तो म्हणाला, ‘आकड्यांचं पेव फुटलंय.’ तिसऱ्या दिवशी भावही कीबोर्डवरून विचारला आणि प्रोग्रॅम गुणाकाराच्या ओळीवर थांबला. टाइपएरर, म्हणजे या प्रकारच्या गोष्टींवर ही क्रिया होत नाही. आता तो म्हणाला, ‘चालंना.’

तीन दिवस, तीन लक्षणं, आणि मूळ एकच: पायथनमध्ये ‘इनपुट’ ही आज्ञा कीबोर्डवरून जे आणून देते तो मजकूर असतो, आकडा नव्हे. मजकुराला मजकूर मिळवला की तो शेजारी चिकटतो. मजकुराला पूर्णांकानं गुणलं की तितक्या वेळा तो पुन्हा उमटतो. मजकुराला मजकुरानं गुणता येत नाही, तिथं पायथन थांबतं. दुरुस्ती पहिल्याच ओळीत होती: इनपुटभोवती फ्लोट, म्हणजे मजकुराचा दशांश आकडा करणारी आज्ञा, घालायचं. (इंट, म्हणजे फक्त पूर्णांक करणारं, घातलं असतं तर साडेपन्नास किलोला पुन्हा अडलं असतं.)

इंग्रजीत या तिन्हींना ‘बग’ म्हणून भागतं. मराठीत मला ते भागवायचं नाही. पहिल्या दिवशी प्रोग्रॅम चुकत होता, तिसऱ्या दिवशी अडला. अडणं हे पोराचं भाग्य, कारण तिथं बोट ठेवायला ओळ मिळते. चुकणं घातक, कारण तेच ‘चालतंय’ म्हणून पट्टीवर छापलं जातं आणि शेतकऱ्याच्या हातात जातं. एकाच शब्दाखाली दोन्ही घातली की मुलं फक्त लाल अक्षरांना घाबरायला शिकतात, उत्तर तपासायला शिकत नाहीत. म्हणून माझं मत असं की ‘त्रुटी’ हा एकच शब्द सगळीकडे लावू नये. तुमच्याकडे काय म्हणतात?

यंत्रमागवाला, विटा

मॅडम, ‘अडणं’ आणि ‘चुकणं’ आमच्या मागावर रोज दिसतं. आडवा धागा तुटला किंवा कांडी (आडव्या धाग्याचं रीळ) संपली की माग आपोआप थांबतो. उभा धागा तुटला तर साधा माग थांबत नाही. खटखट चालूच राहते, कापड विणलं जातं आणि त्यात उभी रेघ पडत जाते. लक्ष नसलं तर काही वार कापड वाया. थांबलेल्या मागाची भीती नसते, चालणाऱ्या मागाकडे बघत राहावं लागतं, असं वडील सांगायचे.

आणि ‘डीबग’साठी शब्द आहेच की. माग काढणे. रेघ दिसते पुढं कापडावर, पण तुटलेलं टोक शोधायला मागच्या बाजूला जावं लागतं. टोक सापडलं की गाठ मारून फणीतून पुढं घ्यायचं. गाठ मारायला क्षण पुरतो, वेळ जातो तो टोक शोधण्यात. विणायचा माग आणि पावलांचा माग हे दोन शब्द मुळात एक आहेत का वेगळे, ते जाणकारांनी सांगावं. मुलगा पुण्याला कोडिंग करतो, त्याच्यासाठी विचारतोय.

मूळ लेखिका, सांगली

दादा, ‘माग काढणे’ मी आजपासून फळ्यावर लिहिणार. प्रोग्रॅम अडला की पायथन जी ओळींची यादी दाखवतं तिचं नावच ‘ट्रेसबॅक’ आहे, म्हणजे अक्षरशः माग. आणि मुलांची सगळ्यात मोठी अडचण तिथंच होते. ती वरून खाली वाचायला सुरुवात करतात आणि दुसऱ्या ओळीवर हबकतात. ती यादी खालून वाचायची असते. सगळ्यात खालच्या ओळीत एररचं नाव आणि कारण, तिच्यावर अडलेली ओळ, तिच्यावर ती ओळ कुणी बोलावली ते. पोलिसपाटील माग काढतो तसं: शेवटचं पाऊल आधी, मग मागं मागं. शिवाय अडलेली ओळ म्हणजे चुकलेली ओळ नव्हे. पट्टीच्या प्रोग्रॅममध्ये गुणाकाराच्या ओळीत काहीच चूक नव्हती.

निवृत्त मराठी शिक्षक, सातारा

‘त्रुटी’वर थोडं. संस्कृत ‘त्रुट्’ म्हणजे तुटणे. त्यावरून त्रुटी म्हणजे तुटलेला अंश, उणीव. अर्जात त्रुटी असते, म्हणजे काहीतरी कमी असतं: सही नाही, दाखला जोडलेला नाही. या अर्थानं, कंस मिटवायचा राहिला किंवा इफच्या, म्हणजे अटीच्या, ओळीअखेर दोन टिंबं राहिली तर ‘त्रुटी’ अगदी चपखल बसतो. पण बाईंच्या विद्यार्थ्याच्या कोडात काही कमी होतं असं त्याला दिसणार कसं? त्याच्या दृष्टीनं सगळं जागच्या जागी होतं. तेव्हा शब्द टाकून देऊ नका, त्याची जागा तेवढी ठरवून द्या.

‘दोष’ आणि ‘बिघाड’ही वेगळे ठेवावेत. दोष घडणीतला, बिघाड नंतर झालेला. नवीन पंपात दोष असतो, जुन्या पंपात बिघाड होतो.

आणि एक रूप तुमच्या यादीतून निसटलं आहे: ‘चालेनासं झालं’. आजोबांना दिसेनासं झालं, म्हणजे पूर्वी दिसत होतं. ‘चालेना’मध्ये प्रयत्न आहे, पण पूर्वी चालत होतं की नाही ते त्यात सांगितलेलं नाही. ‘चालेनासं झालं’मध्ये ते ठामपणे आहे. संगणकातही असा भेद करता का?

मूळ लेखिका, सांगली

सर, करतो, आणि तो फार कामाचा आहे. ‘चालेनासं झालं’ म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: मधल्या काळात काय बदललं? नेहमी भेटणारी दोन उत्तरं सांगते.

एक, मुलानं सरावाच्या फाइलला ‘रँडम’ असं नाव दिलेलं असतं. त्याच फोल्डरमधला दुसरा प्रोग्रॅम पायथनचं तयार रँडम (कुठलेही आकडे निवडून देणारं) मागतो आणि पायथन आधी शेजारची, म्हणजे मुलाचीच फाइल उचलतं. काल चालणारा प्रोग्रॅम आज चालेनासा होतो आणि त्यातली एक ओळही बदललेली नसते. फाइलचं नाव बदललं की सुटतं.

दुसरं, थोरल्या भावाच्या जुन्या नोट्स. त्यांतला प्रिंट कंसाशिवाय लिहिलेला असतो; ते पायथन २ मध्ये चालायचं, ३ मध्ये चालत नाही. पायथन ३ हे २००८ साली आलं, पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी बंद झाला, पण झेरॉक्सच्या दुकानात त्या नोट्स अजून फिरताहेत. भावाचं चालत होतं, धाकट्याचं चालेना.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी, मिरज

‘बग’चं भाषांतर ‘किडा’ किंवा ‘ढेकूण’ करणाऱ्यांसाठी. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या गणकयंत्राच्या रिलेमध्ये (विजेच्या स्विचमध्ये) एक पतंग, म्हणजे उडणारा किडा, सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट खरी आहे. पण शब्द त्या दिवशी जन्मला नाही. एडिसननं १८७८ सालच्या पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक अडचणींना ‘बग’ म्हटलं आहे. नोंदवहीतल्या ओळीचा रोखही ‘किडा प्रत्यक्षात सापडल्याचा पहिलाच प्रसंग’ असा आहे, म्हणजे शब्द आधीपासून रुळलेला होता. मराठीत ‘कीड’ पिकाला लागते आणि पसरते. कोडातली चूक बसल्या जागी बसून असते. उपमा जुळत नाही, म्हणून ‘बग’ हा ‘बग’च राहू द्यावा असं मला वाटतं.

मात्र एका प्रकाराला आपला खोट हा शब्द हवाच. खोट म्हणजे वरून न दिसणारा दोष, जसा सोन्यात किंवा नाण्यात. व्हॉट्सॲपवरून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी कधी वाकडी येतात, कधी न दिसणारी मोकळी जागा येते. डोळ्याला ओळ शुद्ध, पायथनला अमान्य. टॅब आणि स्पेसची सरमिसळ तशीच. यात ओळ समजून घेऊन उपयोग नाही, ती हातानं पुन्हा टाइप करायची.

मूळ लेखिका, सांगली

ताई, ‘खोट’ लिहून घेतला. टॅब-स्पेसवरून आठवलं: ‘इंडेंटेशन’ला मुलं आपणहून समास म्हणतात. वहीत समास सोडून लिहायची सवय असते ना! ‘मॅडम, समास हलला’ म्हणाली एक मुलगी, आणि सगळ्या वर्गाला कळलं. पायथनच्या लेखनसंकेतात तो चार स्पेसचा असतो. इतर बहुतेक भाषांत समास दिसण्यासाठी असतो, इथं समास हलला की अर्थ हलतो. बेरजेनंतरची ओळ चुकून लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत गेली की पट्टी प्रत्येक पोत्यामागं एकदा छापली जाते.

आता एक कोडं, ज्याला मला शब्द सापडलेला नाही. पायथनला ‘सांगली’ची लांबी विचारली तर ते ६ सांगतं. मुलं म्हणतात तीन अक्षरं, मग हे चुकतंय का? ते मोजतं स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. त्याच्या हिशेबात ६ बरोबर, आपल्या हिशेबात ३ बरोबर. नावाची पहिली दोन अक्षरं काढायला गेलं तर हातात ‘सा’ येतो, अनुस्वार मागंच राहतो. इथं प्रोग्रॅम अडत नाही, त्रुटी नाही, खोटही नाही.

निवृत्त मराठी शिक्षक, सातारा

याला ‘गफलत’ म्हणू नका, गफलतीत बेसावधपणा असतो. व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या जागेचं) नाव वर ‘वजन’ आणि खाली ‘वजण’ लिहिलं तर ती गफलत. हा घोळ आहे: दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर, पण ‘अक्षर’ या शब्दाचा अर्थ आधी ठरवलेला नाही. यंत्र वर्ण आणि चिन्हं मोजतं, मूल उच्चाराचे तुकडे मोजतं. घोळ निस्तरावा लागतो, दुरुस्त होत नाही.

व्हेरिएबलचं नाव मी देवनागरीत दिलं, ते चालतं का हो?

मूळ लेखिका, सांगली

चालतं सर, ‘वजन’, ‘भाव’ अशी नावं पायथन ३ घेतं. इंटला देवनागरी ‘१२’ मजकूर म्हणून दिला तर त्याचाही आकडा करून देतं. कोडमध्ये थेट १२ असा देवनागरी आकडा लिहिला तर मात्र अडतं.

‘घोळ निस्तरणे’ अगदी पटलं.

कॉलेजचा विद्यार्थी, कऱ्हाड

एक विचारू का? आमच्याकडे निम्मे ‘एरर आला’ म्हणतात, निम्मे ‘एरर आली’. बरोबर काय?

मूळ लेखिका, सांगली

माझ्या वहीत दोन्ही आहेत, आणि ‘एरर आलं’सुद्धा. ‘चूक’ मनात असली की ‘आली’ होतं, ‘दोष’ मनात असला की ‘आला’. मी ‘आला’ म्हणते. पण तू ते सांगताना एररचं नाव आणि ओळीचा आकडा सांगितलास तर मला कुठलंही लिंग चालेल.

यंत्रमागवाला, विटा

मुलाला विचारलं. तो म्हणतो, त्यांच्या ऑफिसात ‘फाटलं’ म्हणतात. कापडाचाच शब्द निघाला की.