मदत हवी आहे: इको-निवास संहितेत (घरांसाठीचे ऊर्जा-बचतीचे नियम) इमारत बसेना, वीट बदलू की खिडकी?

कोल्हापुरात 640 चौ.मी. प्लॉटवर पार्किंग अधिक चार मजले. 230 मिमी वीट, 150 मिमी स्लॅबवर 100 मिमी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), दोन पल्ल्यांच्या स्लायडिंग खिडक्या, साधी काच, भिंतीच्या 15 टक्के. आरईटीव्ही (भिंती-खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता, वॅट प्रति चौ.मी.) 17.7 येतोय, मर्यादा 15. मालकांना भाजलेली वीटच हवी. काय करू?

गिलावा: आधी आकडे फोडून बघा. विटेच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) 2 धरला तर भिंतीतून 8.8, काचेच्या वहनातून 1.1 आणि काचेतून थेट येणाऱ्या उन्हाचे 7.8. म्हणजे 15 टक्के काच जवळजवळ अख्ख्या भिंतीएवढी उष्णता आत घेतेय. 200 मिमी एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा) घेतला की यू 0.76 आणि बेरीज 12.2. वीटच हवी असेल तर छज्जा धरून काचेचा एसएचजीसी (उन्हाच्या उष्णतेतला आत येणारा वाटा) 0.8 वरून 0.5 वर आणा, 14.8 होईल. पास, पण काठावर. पश्चिमेला नुसता छज्जा उपयोगाचा नाही, सूर्य खाली आला की ऊन तिरकं येतं. तिथे उभे फिन (भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या) काढा. आणि काळी फिल्म लावून सुटका नाही, काच भिंतीच्या 30 टक्क्यांपर्यंत असेल तर व्हीएलटी (काचेतून आत येणाऱ्या उजेडाचा वाटा) किमान 0.27 लागतो.

गच्चीवाला: गच्चीचं कुणी विचारलंच नाही! तुमच्या स्लॅब-कोब्याचा यू 2.2 च्या आसपास येतो, संहितेला 1.2 च्या आत हवा. 25 मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारी फोमची शीट) घातलं की 0.8. आपल्याकडच्या पावसात क्रम चुकवू नका: स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, ते कठड्यावर 300 मिमी चढवून, 48 तास पाणी भरून तपासणी, मग एक्सपीएसचे तुकडे सांधे चुकवून, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), त्यावर 1:100 उताराचा कोबा. सॉल्व्हंटचा डिंक लावू नका, शीट विरघळते. ग्लासवूल तर नकोच, एकदा भिजलं की संपलं.

मूळ प्रश्नकर्ता: धन्यवाद. हवेसाठी खिडक्या मोठ्या केल्या तर?

गिलावा: तिथेच फसायला होतं. उष्ण-दमट विभागाची अट सगळ्यांत कडक, कार्पेट एरियाच्या 16.66 टक्के उघडता भाग, तीच धरा. 60 चौ.मी.च्या फ्लॅटला 10 चौ.मी. दोन पल्ल्यांची स्लायडिंग निम्मीच मोजतात, म्हणजे 20 चौ.मी. खिडकी लागेल आणि काच वाढली की आरईटीव्ही परत वर. बिजागरीची खिडकी 90 टक्के मोजतात, 11.1 चौ.मी.त काम होतं. बाल्कनीचं दारही यात धरतात, जिन्याकडे उघडणारं नाही.

गच्चीवाला: पण भावा, बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याला बाहेरून बॉक्स ग्रिल बसत नाही. ग्रिल आतून घ्या, आणि ते खिडकीची ऑर्डर देण्याआधी मालकांच्या गळी उतरवा.