प्रतिसाद: डॉजला शिकवणारी पाट्येगरांग

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या मूळ रहिवाशांची भाषा विल्यम डॉज या ब्रिटिश अधिकाऱ्याने वह्यांत लिहून जपली असं म्हणतात, खरंय, पण त्याला शिकवलं कोणी तेही सांगायला हवं ना. पाट्येगरांग, तिथल्याच मूळ लोकांतली जेमतेम पंधराएक वर्षांची मुलगी. १७९०-९१ च्या त्याच्या वह्यांत तिची वाक्यंच्या वाक्यं आहेत, आणि त्यात एक शब्द आहे पुटुवा, म्हणजे शेकोटीवर आपला हात ऊबवून मग दुसऱ्याची बोटं हळूच दाबणं. एका शब्दात एवढं! मला तर वाचून भरूनच आलं. आणि ती नुसती शब्द सांगत नव्हती, तुमची माणसं का चिडलीत असं डॉजने विचारलं तर गोरे इथे येऊन राहिलेत म्हणून, आणि घाबरतात का तर बंदुकांमुळे, असं तोंडावर सांगितलं तिने.