स्पीकर घेताना आयपी६७ पाहावं की आयपीएक्स७?

रानवाट:
नमस्कार मंडळी. छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्यायचाय. पोहण्याच्या तलावाच्या काठावर ठेवणार, पावसात नेणार, कधीतरी वाळूतही पडेल. आवाज पसंत पडलेली तीन मॉडेलं आहेत. धूळ-पाण्यापासून किती बचाव आहे ते सांगणारं आयपी रेटिंग मात्र प्रत्येकाचं वेगळं: एकावर आयपीएक्स७, एकावर आयपी५५, एकावर आयपी६७. आकडा मोठा तो चांगला, इतकं सरळ आहे का? आणि त्या एक्सचा अर्थ शून्य धरायचा का? इअरबड्सवर आयपीएक्स४ आहे, पळताना पाऊस आला तर चालतील का, तेही सांगा.

निळीशाई:
६७ घ्या, डोळे झाकून. मोठा आकडा आला की खालचं सगळं त्यात आलंच.

पानापेचकस:
निळीशाई, स्पीकर बरोबर सांगितलात, कारण चुकलं.

रानवाट, ते ‘पंचावन्न’, ‘सदुसष्ट’ नाही. पाच-पाच, सहा-सात असं सुटं वाचा. पहिला अंक धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. हे आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातलं आहे. धुळीत ५ म्हणजे थोडी आत जाईल पण कामात अडथळा येणार नाही. ६ म्हणजे आत जाणारच नाही. चाचणी टाल्कम पावडर उडवलेल्या पेटीत होते. ६ साठी वस्तूच्या आतली हवा ओढून घेतात, म्हणजे फट असलीच तर पावडर खेचली जावी.

एक्स म्हणजे शून्य नव्हे. त्या बाजूचं रेटिंग दिलेलं नाही, एवढाच अर्थ. वस्तू धुळीत टिकेलही, पण कंपनीने तसा शब्द दिलेला नाही. तुम्ही वाळूत नेणार, म्हणून आयपीएक्स७ बाद.

आता पाणी. ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे. ५ म्हणजे नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटरची धार, ६ ला तीच शंभर लिटरची. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ६ पर्यंत वरच्यात खालचं येतं, पण ७ आणि ८ बुडवण्याच्या वेगळ्या चाचण्या आहेत. ७ मिळालेली वस्तू धारेच्या चाचणीला बसवलेलीच नसेल. म्हणून तर काही वस्तूंवर आयपी६५/आयपी६८ अशी जोडी छापतात.

निळीशाई:
पटत नाही. अर्धा तास पाण्याखाली राहणारी वस्तू नळाखाली का मरेल?

पानापेचकस:
मरेलच असं नाही, हमी नाही इतकंच. बुडवल्यावर पाणी चार्जिंगच्या रबरी झाकणाला सगळीकडून सारखं दाबतं, झाकण उलट घट्ट बसतं. धार एका कोपऱ्यावर तिरपी लागली तर ते उचकटू शकतं. स्पीकर वाळूने माखला की आपण काय करतो? नळाखाली धरतो! तेव्हा झाकण नीट दाबा आणि नळ हळू सोडा.

रानवाट:
आता उलगडा झाला. मग माझा फोन आयपी६८ आहे, तलावात फोटो काढायला हरकत नाही ना?

सायंतारा:
आहे हरकत. ८ ची खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, अट फक्त ७ पेक्षा कडक असण्याची. आयफोन ११ ला २ मीटर, आयफोन १२ ला ६ मीटर, दोन्ही ३० मिनिटं आणि दोन्हींवर आयपी६८च. त्यामुळे आकड्याखालची बारीक अक्षरं वाचा. चाचणी साध्या, स्थिर पाण्यात होते. क्लोरीन, समुद्राचं मीठ, साबण यांचा त्यात हिशेब नाही. साबणाने तर पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते बारीक फटीतही शिरतं. वाफेच्या न्हाणीघरात फोन नेणारे मला नेहमी शूर वाटतात.

पानापेचकस:
+१. त्यात रेटिंग नव्या वस्तूचं. फोन आपटला, किंवा स्क्रीन बदलायला उघडला आणि चिकट सील नवं बसवलं नाही, की आकडा कागदावरच राहतो. पाणी गेल्याचं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसतही नाही. पाणी लागल्याचं ओळखायला आत पांढरी पट्टी असते, ती लाल झाली की विषय संपला. भिजलाच तर पोर्ट खाली करून हलकेच झटका, पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका. तांदळात पुरू नका, ॲपलनेही नको म्हटलंय. कण आत अडकतात.

सायंतारा:
पोहताना मनगटावर काही हवं असेल तर ५ एटीएमचं, म्हणजे ५० मीटर लिहिलेलं घड्याळ बघा, तिथे आयपीवर विसंबू नका. ५० मीटर म्हणजे तेवढ्या खोलीइतका स्थिर दाब, तितकं खोल जायची परवानगी नव्हे. पोहायला ठीक, स्कूबाला नाही.

रानवाट:
आभार सगळ्यांचे. आयपी६७चा मागवतो. इअरबड्सचं राहिलं, आणि त्यांच्या डबीवर तर आकडाच सापडत नाही.

पानापेचकस:
आयपीएक्स४ ला घाम आणि पावसाच्या सरी चालतात. आकडा बड्सचा असतो, डबीचा बहुधा नसतो. बड्स कोरडे पुसूनच डबीत ठेवा, नाहीतर चार्जिंगच्या पिनांना गंज धरतो.