डीटा टूलकिटची नवी आवृत्ती चढवायची की चाललंय ते चालू द्यायचं?

मॅन्युअलवाला:
मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही हायड्रॉलिक पॉवर पॅकची मॅन्युअलं करतो. इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तीन भाषांत. मजकूर डीटात लिहितो आणि पीडीएफ काढतो डीटा ओपन टूलकिटमधून. अजून ३ च्या मालिकेवरच अडकलोय. ४ ची मालिका २०२२ मध्ये आली, तिला चालायला जावा (तिच्याखालचं सॉफ्टवेअर) १७ लागतं आणि आमच्या पीसीवर जावा ८ आहे. माझं म्हणणं, आता चढवून टाकूया. ऑफिसात यावरून दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

डीटा कशाशी खातात हे माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. मजकुराचे सुटे टॉपिक लिहायचे (माहितीचा वेगळा, कृतीचा वेगळा) आणि मॅपमध्ये, म्हणजे क्रम लावणाऱ्या यादीत, ओवायचे. आयबीएमनं काढलेली ही पद्धत २००४ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे गेली, २००५ मध्ये तिचं पहिलं मानक झालं. टूलकिट हे त्या टॉपिकांतून पानं काढणारं मोफत साधन.

आधी आम्ही वर्डमध्ये होतो. एका मॉडेलचं रिलीफ व्हॉल्व्हचं (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचं) सेटिंग २१० वरून १६० बारवर आणलं. अकरा फायली दुरुस्त केल्या, बारावी कन्नडची राहिली. गिऱ्हाइकाच्या माणसानं त्या जुन्या पानावर बोट ठेवून फोन लावला तेव्हा कळलं. आता तो आकडा एकाच टॉपिकात असतो, बाकीचे तिथून ओढतात.

शहापूरचा:
डीटा चांगलं, यावर वाद कुठं आहे? आवृत्तीतला पहिला आकडा बदलला की काहीतरी मोडणार, एवढं धरूनच चालायचं. तुमचं कन्नड-मराठी लेबलांचं प्लगइन (टूलकिटला वरून जोडलेला तुकडा) कोणी केलं? जो पोरगा होता तो पुण्याला गेला. उद्या ते नव्यात चाललं नाही तर दुरुस्त कोण करणार, तुम्ही की मी? २ वरून ३ ला जाताना आमच्या तक्त्यांची शीर्षकं गायब झाली होती. डिस्पॅचच्या आदल्या रात्री. गाडी गेटवर उभी आणि मी एक्सएसएल, म्हणजे पानाची मांडणी ठरवणारा कोड, वाचत बसलेलो. चाललंय ते चालू द्या की ओ.

मॅन्युअलवाला:
काका, डीटाच्या फायली मानकाप्रमाणे लिहिलेल्या असतात. टूलकिट बदललं म्हणून त्या बदलत नाहीत. फार तर प्लगइन मोडेल. आणि जुन्यात सापडलेली खोड कोणी दुरुस्त करून देणार नाही, सगळ्या दुरुस्त्या आता नव्या मालिकेतच येतात.

शहापूरचा:
'फार तर प्लगइन.' अहो, आपलं निम्मं मॅन्युअल त्या प्लगइनमध्ये आहे.

निपाणीकर:
मला तर हे सगळंच जड वाटतं. वीस पानांच्या मॅन्युअलला एवढी यंत्रणा? मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात दोन-चार खुणा टाकून) लिहा आणि मोकळे व्हा. ऑपरेटर वाचतो कुठं? पंप बसवतो, पुस्तक टूलबॉक्सच्या तळाशी जातं, वर ग्रीसचा डबा.

मॅन्युअलवाला:
मार्कडाउन टूलकिट २०१७ च्या ३.० पासून घेतंच. आणि ऑपरेटर बाकी काही वाचो न वाचो, धोक्याची पाटी वाचतो. एकदा आमच्या पोरानं लेबलांची यादी करताना कन्नडचा शब्द आवाजावरून मराठीत उतरवला, 'अपाय'. कन्नडात तो धोक्याच्या पाटीवरचाच शब्द. मराठी फोरमन घेऊन आला आणि विचारतोय, "अपाय? कुणाला? कशानं?" शब्द एका फायलीत होता म्हणून एका जागी बदलून 'धोका' केला, सगळ्या मॅन्युअलात बदलला. वर्डमध्ये असता तर अजून शोधत असतो.

खानापूरची:
तुम्ही दोघं भांडताय त्याला कारणच नाही. टूलकिट म्हणजे झिप उघडून ठेवायचं फोल्डर आहे. ४ दुसऱ्या फोल्डरात ठेवा, जावा १७ वेगळं ठेवा आणि जावा-होम (कोणतं जावा वापरायचं ते सांगणारं सेटिंग) फक्त त्या कमांडच्या खिडकीपुरतं बदला. जावा ८ वर चालणाऱ्या बाकीच्या सॉफ्टवेअरला हातच लागत नाही. मग तोच मॅप दोन्हींतून काढा, पीडीएफ शेजारी ठेवून ताडून बघा. मात्र काकांचं एक खरं आहे: डिस्पॅचच्या आठवड्यात अजिबात नको.

शहापूरचा:
ताई, ताडून बघायला माणूस लागतो. तीन भाषा, प्रत्येकी शेकडो पानं. आमच्याकडं तो माणूस मीच, आणि मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो.

मॅन्युअलवाला:
जेवणाच्या सुट्टीत करून पाहिलं. ४ मधून मराठी पीडीएफ निघाली. तक्ते शाबूत. पण 'धोका'च्या जागी सगळीकडं इंग्रजी 'डेंजर' आलंय.

शहापूरचा:
घ्या!

खानापूरची:
नव्या फोल्डरात तुमचं प्लगइन इन्स्टॉल केलं का?

मॅन्युअलवाला:
...नाही. थांबा.