ऑल्टमनचं नाव झाकलं, तर ‘द डेलिंक्वंट्स’मध्ये उरतं काय?

रीळबहाद्दर:
अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनचा पहिला कथापट, १९५७चा ‘द डेलिंक्वंट्स’, परवा पुन्हा पाहिला. सव्वा तासाच्या आतबाहेर, कृष्णधवल, खर्च साधारण ६३ हजार डॉलर. १९५६च्या उन्हाळ्यात ऑल्टमनच्याच गावी, कॅन्सस सिटीत उरकलेला. पैसा लावला एल्मर रोडन ज्युनियरने. घरचीच चित्रपटगृहांची साखळी होती, त्यामुळे ड्राइव्ह-इनला गाड्या घेऊन येणाऱ्या पोरापोरींना काय विकलं जातं ते त्याला पक्कं ठाऊक.

गोष्ट अशी: अठरा वर्षांचा स्कॉटी, सोळाची जॅनिस. पोरगी लहान आहे म्हणून तिचे आईवडील भेटीगाठी बंद करतात. चिडलेला स्कॉटी चोलीच्या टोळक्यात जाऊन पडतो. चोली शहाणा मुलगा बनून जॅनिसला घरून घेऊन येतो, एका रिकाम्या घरात पार्टी होते, मागून पोलीस येतात. चुगली स्कॉटीनेच केली असा टोळक्याचा संशय. मग त्याला उचलून बळंच दारू पाजणं, पेट्रोल पंपावरची लूट, शेवटी हाणामारी.

गोष्टीत दम नाही, हे आधीच मान्य करतो. पण ती पार्टी बघा! कोणी कोणासाठी थांबत नाही, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या अंगावर पडतं, कॅमेरा गर्दीत घुसून वाट काढत राहतो. बाकी सिनेमात पोरं संवाद म्हणतात, इथे ती नुसती असतात. तेवढ्यासाठी मी हा सिनेमा चांगल्यांत धरतो.

चष्मेवाला:
साफ असहमत. हीच पार्टी दुसऱ्या कोणाच्या नावावर असती तर तुम्ही ‘ध्वनिमुद्रण गचाळ आहे’ असं लिहिलं असतं. पुढे ऑल्टमनच्याच ‘मॅश’ आणि ‘नॅशव्हिल’ या गाजलेल्या सिनेमांत एकावर एक चढलेले आवाज ऐकलेत, म्हणून इथेही ऐकू येतात. पोरगं मोठेपणी गवई झालं की पाळण्यातलं रडणंसुद्धा सुरात होतं म्हणतात, त्यातला प्रकार.

आणि स्कॉटी झालेला टॉम लॉफलिन! वय पंचवीस, भूमिका अठराची. बरं, ते त्या काळी चालायचं. पण ‘रेबेल विदाउट अ कॉज’ १९५५चा, त्याचा नायक जेम्स डीनला जाऊन चित्रीकरणावेळी वर्षही झालेलं नाही, आणि हा माणूस मान खाली घालून, खांदे पाडून हुबेहूब तोच आव आणतो. डीन निदान बोलताना गोंधळलेला वाटायचा, हा पाठ केलेला गोंधळ आहे.

माईंची_नात:
लॉफलिनबद्दल पूर्ण सहमत. पण रिचर्ड बाकालियनला विसरलात. टोळक्यातला त्याचा एडी फ्रेममध्ये आला की बाकीचे पुसट होतात. चोलीची गुंडगिरी लिहून दिलेली वाटते, एडीची अंगात असल्यासारखी. रोडनने लगेच १९५८च्या ‘द कूल अँड द क्रेझी’तही त्याला घेतलं, ते उगाच नाही.

मला खरा राग येतो तो निवेदनाचा. युनायटेड आर्टिस्ट्स या वितरक कंपनीने दीड लाख डॉलरला सिनेमा घेतला आणि सुरुवातीला व शेवटी एक गंभीर आवाज चिकटवून दिला. शेवटी तर तो सांगतो की कर्करोगाशी लढतो तसं सर्वांनी या पोरांच्या बिघडण्याशी लढावं, हा रोगच आहे म्हणून! मधला सिनेमा मात्र असलं काही म्हणत नाही. तिथे एक तापलेला उन्हाळा आहे, गाड्या आहेत, आणि करायला काहीच नाही. ऑल्टमनच्या माथी हे प्रवचन मारू नका.

चष्मेवाला:
ताई, प्रवचन चिकटवता आलं कारण चिकटवायला जागा होती. सिनेमा आधी मारामारी आणि दारूची मजा दाखवतो आणि शेवटी स्कॉटीला पोलिसांकडे पाठवतो, म्हणजे हिशेब आधीच जुळवलेला. त्याच काळात अमेरिकन सेनेटची समिती पोरांच्या गुन्हेगारीबद्दल आधी कॉमिक्सना आणि मग सिनेमावाल्यांना जाब विचारत होती. वितरकाने अंगावर शाल ओढली, इतकंच.

शिवाय जॅनिस. तिच्यावरून एवढं रामायण घडतं, पण तिला काय हवंय हे कोणी विचारतं का? बाप अडवतो, चोली पळवतो, स्कॉटी सोडवतो. ही सगळी उचल-ठेव तिची. यावर ऑल्टमनचे चाहते चिडीचूप.

रीळबहाद्दर:
जॅनिसचा मुद्दा बिनतोड, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘नाव झाकून बघा’ म्हणता, तर १९५७ साली झाकायला नाव होतं कुठे? कॅन्सस सिटीच्या कॅल्विन कंपनीत औद्योगिक आणि प्रशिक्षणाचे लघुपट करणारा माणूस. हिचकॉकने हा सिनेमा बघितला आणि आपल्या टीव्ही मालिकेचं काम दिलं. त्याला ‘मॅश’ कुठे ठाऊक होता?

जॅझवेडा:
मधेच बोलतो. पहिल्याच प्रसंगात क्लबमध्ये गाणारी बाई ज्युलिया ली आहे! कॅन्सस सिटीची नामांकित गायिका आणि पियानोवादक, १९५८ साली गेलीसुद्धा. हे टोळकं तिच्या गाण्यात व्यत्यय आणतं आणि हाकललं जातं. मी टोळक्याला तिथेच सोडून क्लबमध्ये बसलो असतो. स्वस्तातल्या सिनेमाचा हा एक फायदा, स्टुडिओत सेट लावायला पैसे नसले की गावच आत येतं. कलाकारही घरचेच, स्कॉटीची धाकटी बहीण म्हणजे ऑल्टमनची स्वतःची मुलगी ख्रिस्तीन.

माईंची_नात:
+१. त्या गावासाठी तरी हा सिनेमा ठेवण्यासारखा आहे.

चष्मेवाला:
गाव आणि ज्युलिया ली, दोन्ही मंजूर. हिचकॉक नामंजूर. अर्ध्या तासाच्या भागांची मालिका ठरल्या दिवसांत आणि ठरल्या पैशांत उरकणारी माणसं त्याला लागत होती. ६३ हजारांत अख्खा सिनेमा हातावेगळा करणारा गडी दिसला, बोलावलं. प्रशस्तिपत्र गड्याच्या कामाच्या उरकाला आहे. आणि त्या मालिकेतही ऑल्टमनचे भाग दोनच झाले, तेवढंही धाग्यात लिहायला हवं होतं.