शेवंतीचा चहा लिव्हरला चालतो का? (चिनी टेक्निशियनने दिलेलं पाकीट)

टॉवेलवाला_अण्णा

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावून विचारतो, कारण नुसतं 'शेवंतीचा चहा चांगला का' म्हटलं तर कुणीतरी ग्रीन टी प्या म्हणून मोकळं होईल.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वय ५३, वजन ८४. मालकांनी चायनाचे चार रॅपियर लूम, म्हणजे विणायचे माग, घेतले, ते बसवायला तिकडचा एक टेक्निशियन आलता. झेजियांग प्रांतातला, पस्तिशीचा पोरगा, सतरा दिवस होता. त्याला इंग्रजी येईना, मला चिनी. फोन भाषांतर करून बोलायचा आणि आम्ही दोघं मान डोलवायचो.

त्याच्या काचेच्या थर्मासात कायम फुलं तरंगत असायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, ह्यानं देवाच्या हारातली शेवंती उपसून टाकली की काय. आणि होती पण शेवंतीच! डिपार्टमेंटमधून भुवयांवर तूस घेऊन बाहेर आला की तेच पाणी. त्याच फुलांवर परत गरम पाणी, दिवसातून तीन-चार वेळा. साखर नाही, दूध नाही.

एका रविवारी त्याला भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकावर नेलतं. आपल्या सोलापूरचा माणूस १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जखमींची सेवा करत १९४२ ला तिथंच वारला, हे मी फोनला सांगत होतो. तो अर्ध्यातच 'के दीह्वा, के दीह्वा' करायला लागला. कोटणीसांचं चिनी नाव ते. त्याने तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक फोटो दाखवत हिंडला. निघायच्या दिवशी बॅगेतलं न फोडलेलं पाकीट माझ्या हातात ठेवलं. फोन बोलला, 'यकृताची आग शांत करते.' पण बोट मात्र त्याने स्वतःच्या डोळ्याकडे नेलं.

माझी गाडी तिथंच अडलीय. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर निघालं, आणि रक्ताच्या तपासणीत लिव्हरचं एसजीपीटी ६८. दारूला हात लावत नाही, पण साखरेचा चहा दिवसाला सात-आठ कप. तर हे फूल लिव्हरचं का डोळ्याचं? आणि पाकीट संपल्यावर आपल्या फुलबाजारातली शेवंती गच्चीवर वाळवली तर चालेल का? आमच्या घरात तेलुगू. बायको म्हणते, चामंती देवाला वाहायची असते, चहात बुडवायची नसते. तिला काहीतरी उत्तर द्यायचंय.

पार्कचौक

अण्णा, चायना मालाला ना गॅरंटी ना वॉरंटी. आधी लूम चालतंय का ते सांगा बे!

कुटकी

मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. चिनी वैद्यक हौसेने वाचलंय, तेवढ्यावर सांगते.

फोन चुकला नव्हता आणि बोटही चुकलं नव्हतं. ते या फुलाला जू-ह्वा म्हणतात. गुणाने किंचित थंड, चवीला गोड-कडवट, फुप्फुस आणि यकृत यांच्यावर काम करणारं. फक्त त्यांचं 'यकृत' म्हणजे सोनोग्राफीवाल्याच्या पडद्यावर दिसतं तेवढंच नव्हे. रक्त साठवणं, स्नायूबंधांची लवचिकता, माणसाचा राग, हे सगळं त्या एका नावाखाली येतं. आणि यकृताचं दार डोळ्यात उघडतं, असं त्यांचं सूत्र आहे. त्यामुळे डोळे लाल होऊन चुरचुरले, कपाळ ठणकलं, गरगरलं, माणूस चिडचिडा झाला की यकृताची उष्णता वर चढली म्हणतात आणि जू-ह्वा देतात. डोळ्यांसाठी बरोबर गोजीची लाल फळं. तुमचा पोरगा दिवसभर तुसात होता, डोळ्याला बोट लावणारच. आपल्यालाही हे अगदी परकं नाही. रक्तवह स्रोतसांचं, म्हणजे रक्त वाहणाऱ्या मार्गांचं, मूळ यकृत आणि प्लीहा, हे आम्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला घोकलेलं असतं.

पण तुमचं ६८ हे त्या दुसऱ्या, पडद्यावरच्या यकृताचं आहे. या फुलाने फॅटी लिव्हर उतरतं असं सिद्ध झालेलं नाही. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर फरक पडतो, हे मात्र पक्कं आहे. तुमच्या बाबतीत सहा ते आठ किलो. त्यातून सात-आठ कप चहाची साखर! प्रत्येक कपात दोन चमचे धरले तर काय होतं ते तुम्हीच मोजा. खरा फायदा मला इथं दिसतो. फुलाचं पाणी त्यातल्या चार कपांच्या जागी आलं, तर फुलाने काही केलं नाही तरी साखर थांबल्याचं फळ मिळेल.

पाकिटावर काय लिहिलंय ते फोनला वाचायला लावा. नुसती फुलं असतील तर ठीक. चिनी औषध-पुस्तकात दिवसाचं माप ५ ते १० ग्रॅम वाळलेलं फूल आहे, चहाला त्याहून कमीच लागतं. मिश्रण असेल आणि त्यात हे-शौ-वू नावाचं मूळ असेल तर पाकीट लांब ठेवा. त्या मुळाने यकृताला इजा झाल्याच्या भरपूर नोंदी आहेत. 'लिव्हरसाठी' म्हणून घेतलेली वनस्पती लिव्हरवरच उलटते, अशी माणसं माझ्याकडे येतात. पोट सैल होत असेल तरी हे थंड फूल नको. बीपीची गोळी चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

झिपरी_मोहोळ

ताईंनी औषधाचं सांगितलं, मी फुलाचं सांगतो. दीड एकर शेवंती आहे माझी.

अण्णा, बाजारातली शेवंती पिऊ नका. हात जोडून सांगतो. मावा आणि फुलकिडे शेवंतीवर असे बसतात की आठवड्याला फवारणी चुकत नाही. पाऊस लांबला की करप्याची वेगळी. भाजीला निदान फवारल्यावर इतके दिवस तोडू नये असं काहीतरी पाळतात. फुलं कोण खातंय? दसऱ्याला भाव चढला की काल फवारलेलं आज क्रेटमध्ये. मी पण केलंय, खोटं कशाला बोलू. तेच तुम्ही गरम पाण्यात उतरवून पिणार.

दुसरं, जात. आपली निवड हारासाठी झालेली. फूल मोठं, पाकळ्या दाट, तीन दिवस सुकू नये. त्यांच्या चहाच्या जाती निराळ्या, फुलं लहान, आणि तोडल्यावर वाफ देऊन वाळवतात. झेजियांगचा पोरगा म्हणजे त्याच्या गावाकडचाच माल असणार, तिथलं तोंगश्यांग या फुलासाठी नावाजलेलं आहे. मी एकदा विहिरीकडेची चार झाडं बिनफवारणीची ठेवून त्यांची झिपरी, म्हणजे आपल्याकडची शेवंतीची एक जात, वाळवून बघितली. पहिला घोट बरा. दुसऱ्याला तोंड असं कडू झालं की आईनं गुळाचा खडा आणून दिला.

रेल्वेलाईन्स

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. गाजरगवताची ॲलर्जी असलेल्यांनी हा चहा पिऊच नये. गाजरगवत आणि शेवंती एकाच कुळातली. हे गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि नंतर कुठं पोचायचं राहिलं नाही. माझ्या वडिलांना त्याने मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटायची, कातडी जाड होऊन काळी पडलेली. त्वचेच्या डॉक्टरांनी गवताबरोबर शेवंतीचे हारही बंद केले. वडील रोज पूजा करणारे. तेव्हापासून आमच्याकडे देवाला फक्त जास्वंद आणि कण्हेर.

टॉवेलवाला_अण्णा

सगळ्यांना धन्यवाद. कुटकीताई, पाकिटावर फोन धरला, एकच घटक निघाला, फूल. गाजरगवताचा त्रास मला नाही. तरी पहिल्या दिवशी एकच फूल टाकून बघितलं, काही झालं नाही. साखरेचा हिशोब केला आणि बायकोला सांगायची चूक केली. आता घरी दोनच कप मिळतात.

त्या पोराला मेसेज टाकून विचारलं, डोळ्यासाठी पितोस का? त्याचं उत्तर आलं, 'डोळे, आणि मालक ओरडल्यावर.' म्हणजे रागाचं ताईंनी लिहिलं ते बरोबर. शिवाय त्याने बजावलंय की उकळायचं नाही. चार फुलं, वरून गरम पाणी, झाकण, पाच मिनिटं. वाळून बटणाएवढं झालेलं फूल आधी वर तरंगतं, मग एक-एक पाकळी सोडत कपात सैल होतं, पाणी पिवळं पडतं. वास आमच्या देवघराचा. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली, हे तर निर्माल्याचं पाणी!

मोहोळकर, तुमचं वाचून गच्चीचा बेत रद्द केला. चहासाठी वेगळी जात लावलीत कधी तर पहिलं गिऱ्हाईक मी.

पार्कचौकसाहेब, तीन लूम चालतायत. चौथ्यावर पाइल, म्हणजे टॉवेलवरचे दोऱ्याचे फास, कमी-जास्त येतोय. ताण्याचा दोरा गुंडाळलेला बीम दोनदा बदलून बघितला, ताण पण तपासला. कुणी टेरीवाला हा धागा वाचत असेल तर सांगा, वेगळा धागा काढतो.