प्रति: ज्यूंना वेगळं राष्ट्र कशाला?

'ज्यूंना इतर देशांनी सामावून घेतलं असतं, वेगळं राष्ट्र कशाला?' हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. तो प्रयोग होऊन गेलाय. जुलै १९३८ मध्ये नाझी छळातून पळणाऱ्या ज्यूंना कोण आश्रय देणार हे ठरवायला फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले, सहानुभूतीची भाषणं झाली, पण डॉमिनिकन रिपब्लिक सोडलं तर जवळजवळ कोणीच दार उघडलं नाही. पुढच्या वर्षी 'सेंट लुईस' जहाज नऊशेवर ज्यू निर्वासितांना घेऊन क्युबातल्या हवानाला पोचलं. मोजके उतरले. बाकीच्यांना मायामीचे दिवे दिसत होते, तरी अमेरिकेनेही घेतलं नाही. युरोपात परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या हत्याकांडात गेले. त्याच सुमारास ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनमधल्या प्रवेशावरही कडक मर्यादा घातली. म्हणजे जायचं कुठे?

आणि स्वसंरक्षणाचं म्हणाल, तर मे १९४८ मध्ये इस्रायल हे राष्ट्र जाहीर झालं आणि लगेच शेजारी देशांच्या फौजा चालून आल्या. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला केला तेव्हा गाझाजवळच्या बेएरी या इस्रायली वस्तीतली माणसं सुरक्षित खोलीच्या दाराचा दांडा हातांनी गच्च धरून बसली होती, कारण ती दारं रॉकेटसाठी होती, हल्लेखोरांसाठी नव्हती.

गाझातल्या सामान्यांचे हाल मलाही बघवत नाहीत. नेतान्याहूंवर टीका जरूर करा, इस्रायलीही रस्त्यावर उतरून करतात. पण त्या देशाने हत्यार खाली ठेवावं, असं मी तरी म्हणणार नाही.